सात वेगळा, बारा वेगळा

गेल्या गणपतीत आमचा दादा आला होता. दादा म्हणजे चुलतभाऊ, न्यू जर्सीला असतो, पंचवीसेक वर्षं झाली. गावात देवळाचं छप्पर बदलायचं काम निघालंय, वर्गणी चुलीमागे पाच हजार, आणि दादानं आल्या आल्या सांगून टाकलं की माझे पन्नास हजार लिहा. वही गुरुजींकडे असते. रिटायर्ड हायस्कूल मास्तर, ट्रस्टचे खजिनदार, माणूस एकदम काटेकोर. त्यांनी पेन उघडलं, थांबले, परत टोपण लावून खिशात ठेवलं आणि विचारलं, "तुझो पासपोर्ट आता खंयचो?"

अमेरिकेचा म्हटल्यावर गुरुजी म्हणाले मग नाही घेता येणार. आम्हाला आधी थट्टा वाटली. पण ते बरोबर होते. परदेशी नागरिकानं दिलेले पैसे म्हणजे परदेशी देणगी, मग तो माणूस याच वाडीत जन्मलेला का असेना आणि नोटा कुडाळच्या एटीएममधून काढलेल्या का असेनात. त्यासाठी ट्रस्टकडे एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन लागतं आणि पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात जावे लागतात. आमच्या देवळाच्या ट्रस्टचं खातं जिल्हा बँकेत आहे आणि त्यात कधी दीड लाखाच्या वर रक्कम गेलेली मला आठवत नाही. दादाकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे, पण त्यानं इथे काही फरक पडत नाही. गंमत म्हणजे मी अकरा वर्षं मस्कतला होतो आणि तिथून दरवर्षी वर्गणी पाठवायचो, ती बिनबोभाट चालायची, कारण माझा पासपोर्ट भारताचा होता. तोच देव, तीच वही, पैसा मात्र एकाचा देशी आणि एकाचा परदेशी.

शेवटी काकीनं, म्हणजे दादाच्या आईनं, स्वतःच्या पेन्शनीतून पाच हजार काढून दिले आणि पावती तिच्या नावाची झाली. बाकावर बसलेले एक आजोबा इतका वेळ गप्प होते, ते जाता जाता म्हणाले, "कागद काय तो तुमी बघा, पण हो कोणाचो झील (मुलगा) ता आमका म्हायत आसा."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसलो. मी वकील नाही आणि सीए पण नाही, मस्कतला एका कंपनीत अकाउंट्स बघायचो, आता गावात असतो आणि गल्फवाले, बोटीवाले, अमेरिकावाले यांचे फॉर्म भरून देतो. कागद बघून बघून माझं एक मत झालंय ते सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या.

आपला नागरिकत्वाचा कायदा रेशनकार्डासारखा चालतो. मुंबईला बिऱ्हाड हलवलं की गावच्या कार्डावरचं नाव कमी करून दाखला घ्यायचा आणि तिकडे चढवायचं, दोन्हीकडे एकाच वेळी नाव चालत नाही. १९५५ च्या कायद्याचं कलम ९ हेच सांगतं, आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपलं. तुम्ही अर्ज करा न करा, संपलंच. मग पासपोर्ट जमा करायचा आणि सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं.

रेशनच्या बाबतीत ते ठीक आहे, दोन ठिकाणी साखर उचलू नये. पण माझं म्हणणं असं की नागरिकत्व ही रेशनकार्डाच्या जातीची गोष्टच नाही, ती सातबाराच्या जातीची आहे. तुम्ही ठाण्यात फ्लॅट घेतला म्हणून गावच्या सातबारावरचं तुमचं नाव कोणी तलाठी खोडत नाही. बापाचं होतं, तुमचं लागलं, तुमच्या पोरांचं लागेल, आणि तुम्ही स्वतः सही करून सोडल्याशिवाय ते जात नाही.

१९५५ साली कायदा असा का केला ते समजू शकतो. फाळणी होऊन आठ वर्षं झालेली, कोण इकडचा कोण तिकडचा याचा निकाल लावायची घाई होती आणि घटनेतच कलम ९ मध्ये तसं लिहून ठेवलेलं होतं. पण आता माणसं वेगळ्या कारणानं जातायत. संसदेत सरकारनंच दिलेले आकडे आहेत, २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२० जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, २०२४ मध्ये २ लाख ६ हजार ३७८. हे आकडे आले की टीव्हीवर ओरड होते, देश सोडून पळाले, करोडपती पळाले. अहो पळाले कुठे, बहुतेक जण पंधरा-वीस वर्षं आधीच गेलेले असतात. दादा १९९८ ला गेला, वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटर बिघडतील या भीतीच्या वेळी, आणि सिटिझन झाला २०१४ ला. ग्रीनकार्डावर असताना काका आजारी पडले, हा इथे सात महिने राहिला, परत जाताना इमिग्रेशनवाल्यानं बाजूला घेऊन तासभर प्रश्न विचारले. त्या भीतीनं त्यानं पासपोर्ट घेतला. म्हणजे बापाच्या उशाशी बसता यावं म्हणून नागरिकत्व बदललं. हे कुठल्या आकड्यात दिसत नाही.

त्याच्या बदल्यात आपण ओसीआय कार्ड देतो. २००६ पासून मिळायला लागलं, आणि तेव्हा पेपरांत सरळ 'दुहेरी नागरिकत्व' म्हणून छापून यायचं, त्यामुळे अजून कित्येकांना वाटतं की हे नागरिकत्वच आहे. नावात 'सिटिझन' आहे ना. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वाईट नाही कार्ड, सोय मोठी आहे, रांगेत उभं राहून व्हिसा काढायची कटकट गेली. पण सोय वेगळी आणि नाव वेगळं. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती मॉरिशसला गेल्या होत्या तेव्हा तिथल्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना हे कार्ड द्यायचं जाहीर झालं. मला आनंदच झाला, त्यात आपल्या किनाऱ्यावरून उसाच्या मळ्यात गेलेल्यांचे वंशज पण आहेत, अजून मराठी बोलतात. पण बघा हं, सात पिढ्यांपूर्वी गेलेल्याचा पणतू-खापरपणतू आणि परवापर्यंत इथल्या शाळेत बेंच बडवणारा आमचा दादा, दोघांना एकच कार्ड.

आणि हे नाव कुठे लागतं कुठे नाही हे किती योगायोगावर असतं ते बघायचं तर बांद्याला या. तेरेखोलच्या अलीकडे सावंतवाडी संस्थान होतं, पलीकडे पेडणं पोर्तुगीजांकडे. देवाणघेवाण सगळी नदी ओलांडून, सोयरीक पण. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगाल आपलं नागरिक मानायला तयार असतो, लिस्बनला जन्मनोंद केली की झालं. माझ्या ओळखीत एक घर आहे, आईचं माहेर पेडण्याचं, आई चाळीसच्या दशकात तिथेच जन्मलेली. तिचे नातू आज इंग्लंडमध्ये आहेत, स्विंडनला. ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्टावर गेले. शेजारच्या घरातली आई आली मडुऱ्याहून, मडुरं नदीच्या या बाजूला. ती पोरं म्हापशाला कामाला जातात, रोज बसनं. दोन्ही घरांचा चौकातला गणपती सारखाच, पण आजी कुठल्या काठावर जन्मली यावर युरोप ठरला. आणि लिस्बनला नुसती जन्मनोंद झाली तरी भारतीय पासपोर्ट ठेवता येतो का नाही यावरून गोव्यात वर्षानुवर्षं भांडणं चाललीयत.

आता टॅक्स. नागरिकत्वाचा विषय निघाला की पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "टॅक्स इथे भरत नाहीत आणि हक्क मागतात." इथे खूप गोंधळ आहे. भारतात टॅक्स पासपोर्टावर लागतच नाही, तो दिवसांवर लागतो. वर्षात १८२ दिवस इथे राहिलात की तुम्ही रेसिडेंट, मग पासपोर्ट ब्रिटिश असो नाहीतर टिंबक्टूचा. आणि भारतीय पासपोर्ट घेऊन दुबईत राहणाऱ्याचा दुबईचा पगार इथे लागत नाही. इथलं भाडं, एनआरओ खात्याचं (एनआरआयची इथली कमाई जमा होते ते) व्याज, इथे विकलेला प्लॉट याच्यावर मात्र टॅक्स लागतो आणि तो कापला जातो, व्याजावर तर सरळ ३० टक्के. म्हणजे टॅक्सच्या कायद्यानं नाव आणि चूल कधीच वेगळी केलीयत. चूल जिथे पेटते तिथे टॅक्स, आणि कमाई जिथली तिथे टॅक्स. मला हे एकदम न्याय्य वाटतं. रस्ता वापरतो तो रस्त्याचे पैसे देतो (मुंबई-गोवा हायवेबद्दल सध्या काही बोलत नाही).

२०२० च्या बजेटात ही गाठ परत बांधायचा एक प्रयत्न झाला, की भारतीय नागरिक असून कुठल्याच देशात टॅक्स भरत नसेल तर त्याला इथला रेसिडेंट धरा. गल्फमध्ये नुसती धावपळ उडाली. मी तोपर्यंत परत आलो होतो पण फोन माझ्याकडे, एका दिवसात बावीस फोन. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की गल्फच्या नोकरदारांच्या तिकडच्या पगारावर टॅक्स नाही, आणि नंतर इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तरच अशी अट पडली. बरं झालं. ओमानमध्ये आत्तापर्यंत इन्कम टॅक्स नव्हता, आता त्यांनी कायदा केलाय, २०२८ पासून ४२ हजार रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के. तिकडे राहणाऱ्यानं तो तिकडे भरावा. नागरिकत्व ते सहसा द्यायचे नाहीत, तीस वर्षं राहिलात तरी, पण टॅक्स घेतील, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही, दवाखाना त्यांचा, रस्ते त्यांचे.

नाव आणि टॅक्स बांधून ठेवला की काय होतं ते बघायला अमेरिका आहे. तिथे यादवी युद्धाच्या काळापासून, म्हणजे १८६० च्या दशकापासून, परदेशात राहणाऱ्या नागरिकावर पण टॅक्स आहे. जगात कुठेही राहा, कुठेही कमवा, रिटर्न भरायचा. असा दुसरा देश म्हणजे एरिट्रिया, ते बाहेर गेलेल्यांकडून २ टक्के घेतात, आणि त्यांच्या वसुलीच्या पद्धतीवर २०११ मध्ये सुरक्षा परिषदेत ठराव झाला तेव्हा अमेरिकेनं बाजूनं मत दिलं! स्वतःची वसुली बँकांकडून माहिती घेऊन होते म्हणून ती सभ्य. बोरिस जॉन्सनला पण सोडलं नाही त्यांनी, न्यूयॉर्कमध्ये जन्मला एवढाच गुन्हा, लंडनचं घर विकल्यावर अमेरिकेचं बिल आलं, मग २०१६ मध्ये त्यानं ते नागरिकत्व सोडलं.

जॉन्सन साहेबांचं काय, वकील ठेवतील. आमच्या काकीचं सांगतो. काका गेले तेव्हा बँकेतल्या माणसानं सुचवलं म्हणून काकीच्या एफड्यांवर दुसरं नाव दादाचं लावलं. पैसे सगळे काकीचे, काकांचा फंड आणि आंब्याची कलमं खंडानं देतो त्याचे. पण नाव लागलं म्हणजे अमेरिकेच्या लेखी ते दादाचं परदेशी खातं, आणि सगळी खाती मिळून १० हजार डॉलरच्या वर गेली, म्हणजे साधारण नऊ लाख धरा, की दरवर्षी त्यांना कळवायचं. शिवाय भारताचा अमेरिकेशी २०१५ मध्ये करार झालाय, त्यामुळे आपल्या बँका पण माहिती पाठवतात. काकीला हे समजावताना माझी पुरेवाट झाली. ती म्हणाली, "माझ्या एफडीचो हिशोब अमेरिकेक कित्याक व्हयो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर आम्ही दादाचं नाव काढून त्याला नॉमिनी केलं, तुमच्याकडे असं असेल तर तुम्ही पण बघा.

आणि आंबा. काका गेल्यावर कलमांच्या सातबारावर काकी, दादा आणि ताईची नावं लागली. हापूसचं उत्पन्न म्हणजे शेतीचं उत्पन्न, इथे इन्कम टॅक्स शून्य. पण दादाच्या वाट्याचे जे पैसे येतात ते अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवायचे आणि इथे टॅक्स भरलेलाच नाही म्हणून वजावट पण मिळत नाही. म्हणजे थ्रिप्सची कीड आमच्याकडे, अवकाळी आमच्याकडे, माकडं आमच्याकडे, आणि टॅक्स वॉशिंग्टनला.

म्हणून जे म्हणतात की दुहेरी नागरिकत्व द्यायचं तर टॅक्स पण लावा, त्यांना माझा पूर्ण विरोध. त्यानं मोठे मासे जाळ्यात येत नाहीत, काकीसारख्या लागतात.

पण उलट बाजूनं जे बोलतात तेही मला पटत नाही. मस्कतला आमच्या मंडळात दर शुक्रवारी कोणीतरी म्हणायचं, आपण देश पोसतो. २०२४-२५ मध्ये बाहेरून १३५ अब्ज डॉलर आले म्हणे. आले, खरंय, आणि कोकणाला तर हे नवीन नाही, मनीऑर्डरवर दोन-तीन पिढ्या वाढल्या. पण आईला पाठवलेले पैसे म्हणजे देशाला भरलेला टॅक्स नव्हे. त्यानं घराला चिरे लागले, बहिणीचं लग्न झालं, माझ्या पैशानं झालं याचा मला अभिमान आहे, पण त्याच्या बदल्यात सरकारनं मला काही द्यायला पाहिजे असं कसं म्हणू? पैसे पाठवले म्हणून हक्क ही भाषाच चुकीची आहे. उद्या ज्यानं कमी पाठवले त्याचं नाव अर्धं लिहायचं का.

मात्र एनआरआय दिसला की त्याला दुभती म्हैस समजायचं हे पण बंद झालं पाहिजे. २०१५ ला मी कुडाळचा फ्लॅट विकला, बावीस लाखांना. रेसिडेंटनं विकला असता तर पन्नास लाखांच्या आत म्हणून एक रुपया कापायला लागला नसता. मी एनआरआय म्हणून गिऱ्हाइकानं टॅक्स कापून भरायला लागणारा टॅन नंबर काढायचा, पूर्ण किमतीवर २०.६ टक्के कापायचे आणि भरायचे, नाहीतर मी आधी कमी कपातीचं सर्टिफिकेट आणायचं. पहिलं गिऱ्हाईक हे ऐकूनच पळालं. दुसऱ्यानं कापले ४ लाख ५३ हजार. खरा टॅक्स निघाला चाळीस हजाराच्या आत, बाकीचे परत मिळाले सव्वा वर्षानं. आणि २०२४ च्या बजेटात घर-जमिनीच्या नफ्यावरचा इंडेक्सेशनचा (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायचा) फायदा काढला, लोकांनी आरडाओरडा केला, मग जुन्या मालमत्तेला २० टक्के इंडेक्सेशनसह किंवा १२.५ टक्के त्याशिवाय असा चॉइस दिला, पण तो फक्त रेसिडेंटला. वडिलांनी १९८० मध्ये घेतलेला एकच प्लॉट, दोन भावांत अर्धा अर्धा, एक भाऊ कणकवलीत आणि एक कतारमध्ये, एकाच दिवशी एकाच खरेदीखतानं विकला तर दोघांचा टॅक्स वेगळा. चूल तिकडे आहे म्हणून तिकडच्या पगारावर टॅक्स नको हे जसं बरोबर, तसं कमाई इथली आहे तर तिचा दर दोघांना एकच पाहिजे.

आता मत. इथे माझं म्हणणं दादाला आवडलं नाही, गणपतीतच वाद झाला.

मला वाटतं नाव ठेवावं पण मत जिथे राहता तिथे द्यावं. कारण आम्ही कोकणातले लोक हा प्रयोग शंभर वर्षं करतोय. चाकरमानी मुंबईत, नावं दोन्ही याद्यांत (कायद्यानं चालत नाही, पण असतात), आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून बस भरून येतात. रात्री निघतात, सकाळी उतरतात, मत देतात, मटण खातात आणि संध्याकाळी परत. निकाल लावून जातात आणि निकालासोबत राहतो आम्ही. आमच्याकडे एकदा पैसे आले होते तेव्हा गावातल्या बायकांना वरच्या वाडीला पाण्याची टाकी हवी होती आणि मुंबई मंडळाला देवळासमोर रंगमंच, दशावताराला. रंगमंच झाला. चांगला झालाय, स्लॅबचा आहे. मे महिन्यात वरच्या वाडीच्या बायका त्याच्याच पायऱ्यांवर हंडे टेकवून दम खातात. मुंबईवाले वाईट नव्हेत हो, वर्गणीत त्यांचाच हात मोठा असतो, पण मे महिन्यात ते आठ दिवस येतात आणि तेव्हा टँकर मागवतात. मी स्वतः मस्कतहून कोणाला निवडून द्यायचं हे सांगायचो घरी फोन करून, आणि त्या वेळी आमचा सरपंच कोण हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

हे बारा तासांच्या मुंबईचं, मग बारा हजार किलोमीटरवरून काय होईल. म्हणून दादाला म्हटलं, तुझं नाव ठेवायला मी भांडेन, पण मत तू न्यू जर्सीला दे. तो म्हणाला मग नावाचा उपयोग काय. मी म्हटलं, आयर्लंड बघ. ते आपल्यासारखेच, उपासमारीत बोटी भरभरून गेले. त्यांचा कायदा दुसरा पासपोर्ट घेतला म्हणून नागरिकत्व काढून घेत नाही, उलट आजी-आजोबा तिथे जन्मलेले असतील तर नातवाला पण मिळतं. पण परदेशात राहणाऱ्याला, काही थोडे अपवाद सोडले तर, मत नाही. टॅक्स पण राहण्यावर. आणि देश काही बुडाला नाही.

लगेच कोणीतरी सुरक्षेचा मुद्दा काढेल. दोन दगडांवर पाय वगैरे. सैन्यात, मंत्रिपदावर, मोठ्या सरकारी खुर्चीवर दुसरा पासपोर्ट चालणार नाही असं खुशाल लिहा, माझी हरकत नाही. पण जो माणूस ओसीआयवर आज हवा तेव्हा येतो, हवा तितका राहतो, त्याला नागरिक म्हटल्यानं कुठली नवी दारं उघडतात ते मला कोणी अजून सांगितलेलं नाही. जमिनीचं म्हणाल तर त्याची भीती मला पण आहे, आमच्याकडे डोंगरच्या डोंगर विकले गेले, पण घेणारे सगळे याच देशाचे पक्के नागरिक होते. आणि दुसरीकडे दादाला ताईच्या वाट्याची बारा कलमं हवी आहेत, ती द्यायला तयार आहे, पण शेतजमीन त्याला विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानं पण नाही, वारसानंच यायला पाहिजे. म्हणजे बहीण मरायची वाट बघायची. ती म्हणाली पण तसं, हसत हसत, वातावरण जरा बिघडलंच.

आता खरा अवघड मुद्दा, तो गुरुजींनीच काढला. म्हणाले, सातबारा सातबारा काय सांगतोस, तुझ्या घराच्या सातबारावर नावं किती? त्रेचाळीस. तौक्ते वादळात, मे २०२१ ला, पडवीची कौलं आणि एक भिंत गेली, नुकसानभरपाईला सगळ्यांची संमती हवी होती, पुणे, बडोदा, वसई, एक जण तर कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. पडवी अजून तशीच आहे, ताडपत्री बांधून. नावं ठेवायची, करायचं काही नाही आणि अडवायचं मात्र सगळं. देशाचं असं झालं तर?

यावर मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. मग एक दिवस कोणाचा तरी उतारा हातात होता आणि लक्षात आलं की सातबारा हा एक कागद नाहीच, दोन आहेत. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची. गाव नमुना बारा म्हणजे त्या वर्षी तिच्यात काय पिकलं, आणि जुन्या उताऱ्यांत तर जमीन करणाऱ्याचं नाव लिहायला वेगळा रकाना असायचा. ब्रिटिशांच्या वेळचा कारकून असेल कोणी, पण त्याला कळलं होतं की मालकी एक गोष्ट आणि कसणं दुसरी, एका पानावर छापली तरी रकाने वेगळे ठेवायचे. सात पिढ्यानपिढ्या चालतो, बारा दरवर्षी नव्यानं भरावा लागतो, शेतात उभं राहून. आमच्या घराची वाट लागली ती त्रेचाळीस नावांमुळे नाही, तर कौलं घालायला पण त्रेचाळीस सह्या मागतात म्हणून. जो राहतो त्याला दुरुस्तीचा अधिकार असता तर पडवी उभी असती आणि नावं पण राहिली असती.

नागरिकत्व सातवर ठेवा, मत बारावर. दादाचं नाव सातवर असू दे, त्याची वर्गणी घ्या, बहिणीची कलमं घेऊ दे. बारावर ज्याचं पीक उभं आहे तो.

पण मग बोटीवाल्याचं काय? माझा मेहुणा टँकर जहाजावर मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला कामगार आहे. वर्षातले सात-आठ महिने समुद्रात, घर देवगडजवळ, बायकापोरं इथे, म्हातारे आईवडील इथे. दिवस भरले की तो टॅक्सला एनआरआय. घरात कालनिर्णय लटकवलेलं असतं, वहिनी तो बोटीवर असेल त्या प्रत्येक दिवसावर फुली मारते, पासपोर्टचे शिक्के आणि सीडीसीशी (खलाशाचं नोंदपुस्तक) ताळा घालायला ते कॅलेंडर मला देते. गेल्या वर्षी रिटर्न भरताना फॉर्ममध्ये नेहमीचा रकाना आला, नॉन-रेसिडेंट आहात तर मग कुठल्या देशाचे रेसिडेंट, आणि तिथला टॅक्स नंबर काय. मी विचारलं काय लिहू. तो म्हणाला, "समुद्र लिवा, भाऊजी."

त्याचा बारा दुसरीकडे कुठेच नाही. गल्फमध्ये व्हिसावर असलेल्याचा पण नाही, तिथे त्याला कोणी मत विचारणार नाही आणि एक दिवस त्याला परत यायचंच आहे. मी यायचोच होतो. म्हणजे ज्याला जगात दुसरीकडे मत नाही त्याचं इथलं मत खरं करा. कागदावर ते आहेच, २०११ पासून भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थ माणसाला गावच्या यादीत नाव घालता येतं. फक्त मतदानाला स्वतः बूथवर यायचं. त्यामुळे २०२४ च्या लोकसभेला देशभरात १ लाख १९ हजार ३७४ नावं होती आणि मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० केरळचे. एवढं तिकीट काढून कोण येणार. सैनिकाला आपण इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मतपत्रिका पाठवतो, तो भरून पोस्टानं परत पाठवतो. २०२० मध्ये निवडणूक आयोगानं तीच सोय परदेशस्थांना द्यायची तयारी कळवली होती. त्याआधी २०१८ ला प्रॉक्सीचं, म्हणजे आपल्या वतीनं दुसऱ्यानं मत देण्याचं, बिल लोकसभेत पास झालं, राज्यसभेत गेलं नाही, बारगळलं. पोस्टानं परत पाठवायला बोट बंदराला लागावी लागेल, उशीर होईल, हे सगळं मान्य, पण बंदराला लागतात की बोटी.

मेहुणा येत्या आठवड्यात परत जॉइन होतोय, सिंगापूरला. परवा त्याचे जुने दिवस मोजायला वहिनीनं २०२४ चं कालनिर्णय काढून दिलं. मेचं पान उघडलं. आमच्याकडे लोकसभेचं मतदान ७ मेला होतं. त्या चौकोनात फुली आहे, टॅक्सच्या हिशोबात ती धरलीय, आणि फुलीच्या खाली बारीक अक्षरात वहिनीनं लिहिलंय, मतदान, मी एकटी.